टेबलावर राहणारा

यंदा उधाणानं बांध फोडला आणि तयार होत आलेलं मीठ चिखलात गेलं. झालं ते झालं. रडून वाफा परत येत नाही, तुडवून येतो. म्हणून खुंटा, त्याची बायको आणि धाकटी पोरगी असे तिघं सकाळपासून खांद्याला खांदा लावून वाफ्याचा तळ तुडवत होते. आधी टाच, मग चवडा. ओला चिखल दाबत दाबत या बांधापासून त्या बांधापर्यंत जायचं आणि वळून पुन्हा यायचं. तळ फरशीसारखा घट्ट झाला नाही तर मीठ मातकट येतं, आणि मातकट मिठाला कुणी कुत्रं विचारत नाही.

खुंटा हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. मिठागरातल्या माणसांनी ठेवलेलं. एकदा एका जागी रोवला की हा बाबा हलायचा नाही, म्हणून खुंटा. पायांच्या बाबतीत तर तो खरोखरच लाकडाचा झाला होता. खाऱ्या पाण्यात जन्म गेला की तळव्यांना काही कळेनासं होतं. शिंपला रुतला तरी त्याला रक्त दिसल्यावर समजायचं, आणि त्याचा त्याला थोडा अभिमानच होता.

मिठागराच्या सोसायटीचा सेक्रेटरी बांधावरून आला आणि चिखलापासून बूट सांभाळत उभा राहिला.

"काय खुंटाशेठ, नाच बसवताय वाटतं?"

"या की बूट काढून," खुंट्याची बायको म्हणाली. "नाहीतरी एक माणूस कमीच पडतंय."

खुंट्यानं तिच्याकडं पाहिलं आणि ती पदर खोचायला लागली. कमी पडणारं माणूस म्हणजे थोरला पोरगा. त्याचा विषय या घरात काढायचा नाही असं काही ठरलेलं नव्हतं, पण कुणी काढत नसे.

"तुमच्या धाकटीसाठी आलोय," सेक्रेटरी म्हणाला. "कॉलेजात गेलेल्या पोरांना सोसायटी कॉम्प्युटर देतेय. हिचं नाव लागलंय. आता फक्त सांगा, लॅपटॉप घेता की डेस्कटॉप?"

"फरक काय त्यात?"

"लॅपटॉप वहीसारखा मिटतो. पिशवीत घातला की कुठंही घेऊन जा. डेस्कटॉप टेबलावर राहतो. पडदा वेगळा, डबा वेगळा, वायरींचं हे एवढं जंजाळ."

"टेबलावरचा द्या," खुंटा म्हणाला.

"अहो, दम खा जरा. हॉस्टेलात सोसायटीनं जागा ठेवलीय हिची. तिथं राहणार असेल तर लॅपटॉपच लागेल. एका खोलीत चौघी, तिथं टेबल कुठून आणायचं?"

"हॉस्टेल कशाला? बस जाते की दारावरून. सकाळी जाईल, संध्याकाळी येईल."

सेक्रेटरीनं धाकटीकडं पाहिलं. ती घोट्यापर्यंत चिखलात उभी होती. बाप थांबला म्हणून ती थांबली होती, एवढंच. "काय गं? तुझं काय म्हणणं?"

"तिचं नि माझं वेगळं आहे का काही?" खुंटा म्हणाला. "मोठा पडदा, डोळ्यांना बरा. आणि मिटणारी वस्तू मोडणारीच. टेबलावरचा लिहा."

"चालेल," धाकटी म्हणाली.

सेक्रेटरी गेला. तिघं पुन्हा तुडवायला लागले.

आता खरं सांगायचं तर खुंट्याला पडद्याचं नि डोळ्यांचं काही पडलेलं नव्हतं. पिशवीत मावणाऱ्या वस्तूचं नाव निघालं तेव्हाच त्याला थोरला आठवला होता. थोरला गेला तो एक पिशवी घेऊनच गेला. चार दिवसांत येतो म्हणाला, मग सणासुदीला येतो म्हणाला, मग फोनवर नुसतंच हं हं करायला लागला आणि आता तर तेही नाही. एक गेला तो गेलाच. दुसरीही गेली तर या बांधावर म्हातारा-म्हातारीनं एकमेकांची तोंडं बघत तुडवायचं? उचलून नेता येईल अशी वस्तूच त्याला घरात नको होती. हे तो बायकोलाही बोलला नाही. बायकोला मात्र न बोलताच कळलं होतं, आणि तिनं तोंड बंद ठेवलं, कारण तिलाही पोरगी घरात हवी होती. त्या दोघांचा त्यात काही वाद नव्हता.

कॉम्प्युटर आला. टेंपोवाल्यानं दोन खोकी दारात ठेवली. धाकटीनं वायरी जोडल्या, पडदा उजळला, खुंट्याची बायको "अगंबाई!" म्हणाली आणि शेजारची दोन माणसं येऊन बघून गेली. टेबल खुंट्यानं स्वतः ठोकलं होतं, जुन्या होडीच्या फळ्यांचं. त्याला एकही लोखंडी खिळा नव्हता, सगळ्या लाकडी खुंट्या.

मिठागरात लोखंड टिकत नाही. वाराच खारा. नवं कुलूप आणलं तर पावसाआधी त्याचा गंज होऊन हातात येतो. म्हणून इथली रीत अशी की लोखंडाची वस्तू घरात आली की पहिलं काम तिला ग्रीस फासायचं आणि जिथं जिथं भोक दिसेल तिथं ग्रीसचा बोळा कोंबायचा. कुलपाला, पंपाला, सायकलच्या नळीला, शिवणयंत्राला, सगळ्यांना. ज्याच्या घरातलं कुलूप कुरकुरतं तो आळशी, हे इथं पोरासोरांनाही ठाऊक. शेजारच्या माणसानं जाता जाता म्हटलंच, "बोळे मारलेस ना रे? नाहीतर जाईल फुकट."

"मी विसरेन होय?" खुंटा म्हणाला.

माणसं पांगल्यावर तो ग्रीसचा डबा घेऊन बसला. कॉम्प्युटरच्या काळ्या डब्याच्या दोन्ही बाजूंना जाळी, मागं पंख्यासारखं गोल काहीतरी, खाली फटी. "किती भोकं ठेवलीत रे बाबा या लोकांनी," तो पुटपुटला. "समुद्र बघितलेला नाही कुणी यांच्यातल्यानं." मग धाकटीला म्हणाला, "एक जुनं फडकं दे बघू. बारीक पट्ट्या फाड त्याच्या."

धाकटीनं आईचं जुनं लुगडं काढलं आणि पट्ट्या फाडून एकेक त्याच्या हातात दिली. तो ती ग्रीसमध्ये बुडवायचा, पिळायचा आणि बारीक काडीनं जाळीच्या आत सारायचा. मागचं गोल भोक त्यानं सगळ्यात मन लावून बुजवलं. वरून तळव्यानं दाबून बघितलं.

"लोणचं घालताय का त्याचं?" बायकोनं विचारलं.

"हसा, हसा. कॉलेज संपेपर्यंत असाच राहील हा, करकरीत. मग आठवण काढाल."

धाकटी पट्टी फाडत होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. खुंट्याला वाटलं, पोरगी दमलीय.

आणि दमत होतीच ती. उजाडायच्या आधी उठायचं, आईबरोबर वाफ्यावर जायचं, पाणी चढवायचं. मग पाय खसाखसा धुवून बस पकडायची. टाचांच्या भेगांत मिठाचं पांढरं राहायचंच. बसमध्ये शेजारी बसलेली एखादी मुलगी पाय आखडून घ्यायची, हे तिनं एकदा आईला सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात. पुन्हा काही सांगितलं नाही. संध्याकाळी परत आली की पुस्तकं ठेवून ती सरळ वाफ्याकडं यायची, फळी घ्यायची आणि उरलेलं मीठ ओढायला लागायची. बाप म्हणाला, "बस जरा," तर बसायची. म्हणाला, "चल, उरकू," तर उठायची.

खुंटा मात्र सुखात होता. खोटं कशाला बोला? जेवणं झाली की धाकटी पडद्यासमोर बसायची आणि तो मागच्या खाटेवर आडवा होऊन बघायचा. इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती ती. पडद्यावर रेघा यायच्या, भिंती उभ्या राहायच्या, जिने यायचे. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पोरीची पाठ दिसत होती आणि तेवढं त्याला पुरत होतं. थोरल्याची पाठ त्यानं शेवटची बसच्या दारात बघितली होती.

मधेच पडदा काळा व्हायचा.

"काय गं, लाइट?"

"नाही. बंद पडतो असाच."

"मग?"

"थोड्या वेळानं होतो सुरू."

ती तशीच बसून राहायची, हात मांडीवर ठेवून, काळ्या पडद्याकडं बघत. मग बटण दाबायची. कधी लगेच सुरू व्हायचा, कधी नाही. खुंटा उठून डब्यावर हात ठेवून बघायचा. गरम लागायचा. पंपाचं इंजिनही गरमच होतं की चालल्यावर. त्यानं एकदा बोळे तपासले. एक जरा सैल झाला होता, तो पुन्हा घट्ट बसवला. धाकटीनं खुर्ची बाजूला घेऊन त्याला जागा करून दिली.

"ही हल्ली बोलत का नाही?" बायकोनं त्याला वाफ्यावर विचारलं. "काल जेवणात मीठच घालायचं विसरले मी. आपल्या घरात, बघा! तुम्ही बोंब मारलीत. हिनं ताट पुसून खाल्लं."

"चांगलं वळण आहे. अन्नाला नावं ठेवू नयेत."

"वळण कसलं डोंबलाचं! तिला कळलंच नाही हो."

"अभ्यास असतो तिला. डोकं त्यात."

बायको खाली वाकली. तिनं फळी उचलली आणि ती पुढं गेली. खुंट्याचा हा गुण होता, की त्याला जे बघायचं नसे ते अंगणात येऊन उभं राहिलं तरी त्याला दिसत नसे.

मीठ आता जोरात धरायला लागलं होतं. वाफ्यात पाण्यावर साय आल्यासारखी पांढरी खपली यायची, ती मोडून खाली बसवायची, मग पुन्हा यायची. सगळीकडून डोळ्यांवर ऊन मारायचं. अशाच एका सुट्टीच्या दुपारी खुंटा पाणी प्यायला घरी आला तर घरात जळका वास. धाकटी टेबलापासून दोन हात लांब उभी होती. डब्यातून धुराची बारीक रेघ येत होती.

"अगं, वायर काढ! वायर!"

"काढली," ती म्हणाली.

"काय झालं?"

"बंद पडला."

"नि तुझं ते कॉलेजचं? नकाशे?"

"त्यातच होते. उद्या द्यायचे होते." एवढं म्हणून तिनं दाराआडची फळी घेतली आणि ती वाफ्यावर निघून गेली. आपटणं नाही, रडणं नाही. खुंट्याला वाटलं, केवढी समजूतदार पोरगी. एवढं नुकसान झालं तर दुसऱ्या कुणी घर डोक्यावर घेतलं असतं.

त्यानं डबा गोणपाटात गुंडाळून सायकलला बांधला आणि बाजार गाठला. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं दुकान म्हणजे एक बोळकांडच, आत दोन माणसं आधीच बसलेली. खुंटा तसाच आला होता, गुडघ्यापर्यंत पांढरा. दुकानात शिरताना त्याच्या पायांचं मीठ फरशीवर उमटलं. बसलेल्या एकानं खुर्ची थोडी मागं सरकवली.

दुकानदार तरुण होता. त्यानं डबा उलटसुलट केला, बोट लावून वास घेतला. "काका, हे काय आहे?"

"ग्रीस. चांगल्यातलं आहे."

"ते कळलं हो. पण इथं का?"

त्यानं चिमट्यानं मागच्या भोकातला बोळा ओढला. लुगड्याची काळी पट्टी लांबच लांब निघत राहिली. मग दुसरी. मग जाळीतल्या. टेबलावर ढीग झाला. बसलेल्या दोघांपैकी एकाला हसू आवरेना. "अरे, ह्यातून अख्खं लुगडं निघालं की! बाई कुठाय आत?" दुसराही हसला. खुंट्याचे कान तापले.

"आमच्याकडं वारा खारा असतो," तो म्हणाला. "लोखंड टिकत नाही. बोळे मारावेच लागतात."

"मारा की, कुलपाला मारा," दुकानदार म्हणाला. "काका, याला आतून हवा लागते. हा पंखा आहे. तुम्ही तो आवळून टाकला. आतलं सगळं भाजलंय. यात आता राम नाही."

"काहीच नाही होणार?"

"नाही. पडदा तेवढा चांगला असेल, तो ठेवा." मग त्याला बहुधा दया आली. "कुणासाठी घेतला होता?"

"पोरीसाठी. कॉलेजात आहे. नकाशे काढते."

"मग तिनं कसं काय चालवून घेतलं? पहिल्या दिवशी हेच सांगतात त्यांना. भोकं मोकळी ठेवा, भिंतीला टेकवू नका. माझी बहीण इथल्याच कॉलेजात शिकली."

"तिला ठाऊक नसणार," खुंटा ठामपणे म्हणाला. "ठाऊक असतं तर बोलली असती. तिनंच तर फडकं फाडून दिलं मला."

दुकानदारानं चिमटा खाली ठेवला. बसलेले दोघंही हसायचे थांबले. खुंट्याला आपलंच बोलणं ऐकू आलं, जरा उशिरा.

सायकल हातात धरून तो चालतच परत निघाला. पट्ट्या फाडणारी धाकटी त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिला ठाऊक होतं. एकेक पट्टी हातात देत होती तेव्हा ठाऊक होतं. रोज पडदा काळा पडायचा तेव्हा ठाऊक होतं. आपण सैल बोळा घट्ट केला तेव्हा खुर्ची सरकवून तिनं जागा करून दिली. डूख धरला म्हणावं तर डूख धरणारं माणूस निदान डोळे तरी चोरतं. हिनं ते पण केलं नाही. त्याला पोरीचा राग येईना. त्याला पोरीची भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही काहीतरी वाईट.

धाकटी मधल्या वाफ्यात मीठ ओढत होती. आई पलीकडं रास रचत होती. खुंटा बांधावर थांबला.

"डबा गेला," तो म्हणाला.

"हं."

"बोळ्यांनी गेला म्हणतो तो."

"हं."

"तुला ठाऊक होतं?"

धाकटीनं फळी पुढं टाकली, ओढली. "होतं."

"मग बोलली का नाहीस? एका शब्दानं सांगितलं असतंस. मी काय खाल्लं असतं तुला? माझी जिरवायची होती का?"

"नाही हो, बाबा." ती थांबली. तिला खरंच विचार करावा लागला. "जिरवायची वगैरे काही नव्हती. बोलावंसंच वाटलं नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही पट्ट्या मागितल्या, मी दिल्या."

पलीकडं आईचे हात थांबले होते. खुंटा बांधावरून खाली उतरला आणि वाफ्यात, हातभर अंतरावर येऊन उभा राहिला. "ती हॉस्टेलातली जागा," तो म्हणाला. "आहे अजून?"

"भरली. तेव्हाच भरली."

"पुढच्या वर्षी रिकामी होईल. होईलच की. मी सेक्रेटरीच्या दारात बसतो. पाय धरतो त्याचे. माझं हसं झालं तर होऊ दे, आज झालंच आहे." तो आणखी जवळ आला. "मी चुकलो, पोरी. तू थोरल्यासारखी जाशील म्हणून मी तो टेबलावरचा घेतला. डोळ्याबिळ्याचं सगळं खोटं. आता तू सांग. तुला काय हवं? तू म्हणशील ते."

जन्मात पहिल्यांदा खुंटा जागचा हलला होता. त्याला वाटलं, आता ही रडेल, निदान तोंड तरी फिरवेल. शिव्या दिल्या असत्या तरी त्यानं ओंजळीत घेतल्या असत्या.

धाकटी त्याच्याकडं बघत राहिली. मग वाफ्याकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. विसरलेलं नाव आठवायचा प्रयत्न करावा तशी तिची कपाळावरची शीर ताणली गेली आणि पुन्हा सैल झाली.

"ठाऊक नाही, बाबा," ती म्हणाली.

"असं कसं? तेव्हा काय हवं होतं? सेक्रेटरी आला तेव्हा?"

"तेव्हा असेल काहीतरी."

"लॅपटॉप हवा होता ना? लॅपटॉप म्हण ना, बाई. तू म्हण, मी आत्ता जातो. अस्सा जातो."

"बरं, लॅपटॉप," धाकटी म्हणाली. "झालं?"

तिनं फळी पाण्यात टाकली. बाप वाटेत उभा होता म्हणून ती दोन पावलं बाजूनं गेली आणि मीठ ओढायला लागली. आई राशीपाशी तोंडावर पदर धरून उभी होती. खुंटा वाफ्याच्या मधोमध थांबला. सेक्रेटरीकडं जायचं होतं, पण जाऊन त्याला काय सांगायचं ते त्याला कळेना.